रासायनिक बंध आणि ‘बुद्धांनी हे आधीच सांगितले’ हा दावा

अलीकडच्या धम्मविषयक लेखनात व व्याख्यानांत एक विधान वारंवार आढळते. आधुनिक विज्ञानाने एखादा सिद्धान्त मांडला की तो भगवान बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगितला होता, असे प्रतिपादन केले जाते. प्रतीत्यसमुत्पाद म्हणजेच पुंजयामिकी, अनित्यता म्हणजेच अणूंचे स्पंदन आणि अभिधम्मातील धातुविचार म्हणजेच रसायनशास्त्र, अशी समीकरणे मांडणारे लेखक धम्मावरील निष्ठेनेच लिहितात, याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु निष्ठा हे प्रमाण नव्हे. म्हणून या दाव्याची परीक्षा करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या परीक्षेसाठी आम्ही रासायनिक बंधाचे उदाहरण मुद्दाम निवडले आहे. अणू अणूशी कसा जोडला जातो, हा प्रश्न बौद्ध परंपरेत खरोखरच उपस्थित झाला होता. तेथे हा दावा सर्वांत बळकट आहे. बळकट जागी जे टिकत नाही ते दुबळ्या जागी टिकणार नाही, हे उघड आहे.

परंपरेत काय आहे?

प्रथम परंपरेचे जे आहे ते तिला दिले पाहिजे. अभिधम्मपिटकातील ‘धम्मसंगणी’ या ग्रंथात आपोधातूचे लक्षण सांगताना रूपाला बांधून ठेवणे हे तिचे कार्य म्हणून येते. पुढे अट्ठकथांच्या काळात रूपकलापाची कल्पना विकसित झाली. पृथ्वी, आप, तेज, वायू, वर्ण, गंध, रस आणि ओज हे आठ घटक परस्परांपासून वेगळे न होता समूहानेच असतात, अशी ती कल्पना. काश्मीरच्या वैभाषिकांनी तर परमाणू एकमेकांस स्पर्श करतात की नाही याची चर्चा केली. सर्वांगाने स्पर्श झाला तर दोन परमाणू एकच होतील; एका अंगाने झाला तर परमाणूस अवयव आहेत असे मानावे लागेल; म्हणून स्पर्श होतच नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. वसुबंधूंनी ‘विंशतिका’ या ग्रंथात हाच धागा पुढे नेला. एका परमाणूशी सहा दिशांनी सहा परमाणू जोडले गेले तर त्यास सहा बाजू असल्याच पाहिजेत. मग तो अविभाज्य कसा? 

ही चर्चा कोणत्याही देशाच्या तत्त्वज्ञानाच्या इतिहासात मानाने नोंदवावी अशी आहे. ‘अणू कसे जोडले जातात’ असे सहज म्हणणाऱ्यास ‘जोडले जाणे म्हणजे काय’ असे विचारून थांबवणारी ही बुद्धी आहे. तथापि दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. पहिली, ही चर्चा अभिधम्माची, अट्ठकथाकारांची व आचार्यांची आहे. वसुबंधू इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकातील आहेत. ती थेट भगवंतांच्या मुखी घालणे इतिहासदृष्ट्या योग्य नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. या चर्चेत प्रश्न आहे, तर्क आहे, परंतु माप नाही. कोणता पदार्थ कोणत्या प्रमाणात कोणाशी संयोग पावेल, हे आपोधातूच्या विचारातून काढता येत नाही. आणि म्हणून तो विचार चुकीचा ठरण्याची सोयही त्यात नाही.

चुकण्याची सोय

विज्ञानाचा रासायनिक बंधाचा विचार सुरू होतो तो एका चुकीपासून. जॉन डाल्टन यांनी 1808 साली आपला अणुसिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला, तेव्हा पाण्यात हायड्रोजनचा एक व ऑक्सिजनचा एकच अणू असतो असे गृहीत धरले, आणि ऑक्सिजनच्या अणूचे वजन हायड्रोजनच्या 7 पट मानले. आज ते 16 पट मानले जाते. डाल्टन चुकले, परंतु ते आकड्यांत बोलले म्हणून त्यांची चूक दाखवता आली. 1811 साली अ‍ॅव्होगाड्रो यांनी वायूंच्या आकारमानावरून असे सुचवले की हायड्रोजन, ऑक्सिजन यांसारख्या वायूंचे रेणू एकाच जातीच्या दोन अणूंचे असावेत. त्यावरून पाण्याचे खरे प्रमाण मिळत होते. तरीही हा विचार जवळजवळ पन्नास वर्षे बाजूला पडून राहिला.

त्याची कारणे अनेक होती. त्यांतील एक बर्झेलियस यांचा विद्युत-द्वैतवाद हे होय. प्रत्येक संयुग धन व ऋण अशा दोन विरुद्ध भागांच्या आकर्षणाने बनते, असे या थोर स्वीडिश रसायनज्ञांचे मत होते. मिठासारख्या क्षारांना ते उत्तम लागू पडत होते. परंतु या मतानुसार दोन सारखे अणू एकमेकांस दूर लोटतील. मग हायड्रोजनच्या दोन अणूंची जोडी कशी बनावी? सिद्धान्त अवलंबून होता तो प्रमाणाला, पण आता तोच प्रमाणाच्या वाटेत उभा राहिला. 1830 च्या दशकात फ्रान्समध्ये द्युमा व लोराँ यांनी सेंद्रिय पदार्थांतील धन हायड्रोजनच्या जागी ऋण क्लोरीन बसवून दाखवला, आणि तरीही पदार्थाचा मूळ स्वभाव फारसा बदलला नाही. द्वैतवादास हा मोठा धक्का होता. बर्झेलियस यांनी शेवटपर्यंत विरोध केला. ओग्युस्त लोराँ यांना हयातीत योग्य ते स्थान मिळाले नाही. 1853 साली त्यांचे निधन झाले. अखेर 1860 च्या सप्टेंबरमध्ये कार्ल्सरूह येथील परिषदेत कानिझारो यांनी अ‍ॅव्होगाड्रोंची बाजू नव्याने मांडली, आणि अणुभारांचा गोंधळ मिटू लागला.

कोणी सांगितले की काय सांगितले?

मधल्या काळात संयुजेची कल्पना आकाराला आली होती. फ्रँकलंड यांनी 1852 साली प्रत्येक मूलद्रव्याची जोडणीची क्षमता मर्यादित असते असे दाखवले. 1858 साली केकुले व कूपर या दोघांनी स्वतंत्रपणे कार्बन चतुःसंयुजी असून कार्बनचे अणू परस्परांशी साखळीने जोडले जातात असे मांडले. आर्चिबाल्ड स्कॉट कूपर हे पॅरिसमध्ये काम करणारे तरुण स्कॉटिश संशोधक. त्यांचा निबंध अकादमीपुढे ठेवण्यास विलंब झाला आणि केकुले यांचा निबंध आधी प्रसिद्ध झाला. कूपर यांची प्रकृती ढासळली व ते विज्ञानातून कायमचे बाहेर गेले. त्यांचे काम जगाला कळले ते फार उशिरा.

1874 साली व्हान्ट हॉफ व ल बेल यांनी आणखी एक पाऊल टाकले. कार्बनचे चार बंध एका पातळीत नसून चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे जातात, असे त्यांचे म्हणणे. त्याचा आधार साधा व चोख होता. मिथेनमधील दोन हायड्रोजनच्या जागी दोन क्लोरीन बसवले आणि चार बंध चौरसात असले, तर दोन वेगवेगळे पदार्थ मिळाले पाहिजेत: एक, क्लोरीन शेजारी असलेला; दुसरा, समोरासमोर असलेला. प्रत्यक्षात एकच पदार्थ मिळतो. चतुष्फलकात कोणतेही दोन कोपरे शेजारीच असतात, म्हणून तेथे एकाच पदार्थाची अपेक्षा आहे. न दिसणाऱ्या अणूंची मांडणी केवळ पदार्थांची संख्या मोजून ठरवण्याची ही रीत आम्हांस या साऱ्या इतिहासातील सर्वांत सुंदर वाटते.

यावर 1877 साली जर्मनीतील प्रतिष्ठित रसायनज्ञ हेर्मान कोल्बे यांनी आपण संपादित करीत असलेल्या नियतकालिकातून टीका केली. त्या टीकेत युक्तिवादाहून उपहास अधिक होता. व्हान्ट हॉफ हे उट्रेख्ट येथील पशुवैद्यक विद्यालयात शिकवतात, यावर त्यांचा रोख होता. जणू पशुवैद्यांच्या शाळेतील माणसास अणूंच्या मांडणीविषयी बोलण्याचा अधिकारच नाही. आमच्या वाचकांना हा युक्तिवाद अपरिचित नाही. बोलणाऱ्याचे स्थान पाहून बोलण्याची किंमत ठरवणे, हे या देशात शतकानुशतके शास्त्र म्हणून चालले. युरोपातील त्या वादात निर्णय मात्र स्थानाने झाला नाही, प्रयोगांनी झाला. 1901 साली रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक व्हान्ट हॉफ यांना मिळाले. ते त्यांच्या दुसऱ्या कामासाठी होते, परंतु तोपर्यंत चतुष्फलक पाठ्यपुस्तकांत पोहोचला होता.

बेंझीनची कथाही अशीच बोधप्रद आहे. 1865 साली केकुले यांनी सहा कार्बनांचे वलय सुचवले. पुढे 1890 साली, एका सत्कारप्रसंगी, आपणांस स्वप्नात स्वतःची शेपटी धरलेला सर्प दिसला व त्यावरून वलय सुचले, अशी आठवण त्यांनी सांगितली. ही स्वप्नाची कथा सर्वांना ठाऊक असते; कॅथलीन लॉन्सडेल यांचे नाव मात्र थोड्यांना ठाऊक असते. त्यांनी 1929 साली एका बेंझीनवर्गीय पदार्थाच्या स्फटिकाचा क्ष-किरणांनी अभ्यास करून हे वलय सपाट व सम-षट्कोनी असल्याचे सिद्ध केले. केकुले यांच्या सूत्रात एकेरी व दुहेरी बंध आलटून पालटून येतात. एकेरी कार्बन-बंध सुमारे 1.54 अँगस्ट्रॉम व दुहेरी सुमारे 1.34 अँगस्ट्रॉम लांबीचा असतो; परंतु बेंझीनमधील सहाही बंध सारखेच, सुमारे 1.39 अँगस्ट्रॉम, आढळतात. म्हणजे स्वप्नाने दिलेले चित्र अर्धे खरे होते. ते किती खरे हे स्वप्नाने नव्हे, मापनाने ठरवले. साक्षात्काराला विज्ञानात प्रवेश आहे, परंतु साक्षीदार म्हणून; न्यायाधीश म्हणून नाही.

इलेक्ट्रॉनची जोडी

1897 साली इलेक्ट्रॉनचा शोध लागला, आणि बंध कशाचा बनलेला असतो हे विचारणे शक्य झाले. 1916 साली अमेरिकेतील गिल्बर्ट न्यूटन लुईस यांनी उत्तर दिले : दोन अणूंनी वाटून घेतलेली इलेक्ट्रॉनची जोडी म्हणजे बंध. त्याच वर्षी जर्मनीत कोसेल यांनी इलेक्ट्रॉन देऊन-घेऊन बनणाऱ्या आयनिक बंधाचे विवेचन केले. लुईस यांचे उत्तर अतिशय फलदायी ठरले. परंतु ऋण विद्युत्भाराचे दोन इलेक्ट्रॉन परस्परांस लोटत असताना त्यांची जोडी का बनावी, हे त्यांना सांगता येत नव्हते. ते 1927 साली हाइटलर व लंडन यांनी पुंजयामिकीच्या साह्याने सांगितले. हायड्रोजनच्या रेणूविषयी त्यांनी केलेल्या गणितातून प्रत्यक्ष बंध-ऊर्जेचा सुमारे दोन-तृतीयांश भाग मिळाला. पहिल्याच प्रयत्नात इतके यश येणे विलक्षण होते. आणि उरलेला एक-तृतीयांश लपवला गेला नाही, हे त्याहून विलक्षण.

येथून दोन वाटा फुटल्या. लायनस पाउलिंग यांनी संयुजा-बंधाचा सिद्धान्त वाढवला. त्यांचा ‘द नेचर ऑफ द केमिकल बाँड’ हा ग्रंथ 1939 साली प्रसिद्ध झाला. हुंड व मलिकन यांनी रेणवीय कक्षकांचा सिद्धान्त रचला. पहिल्यात इलेक्ट्रॉन दोन अणूंमध्ये जोडीने राहतात. दुसऱ्यात ते साऱ्या रेणूभर पसरतात. ऑक्सिजनच्या रेणूचे साधे जोडी-चित्र काढले तर सर्व इलेक्ट्रॉन जोडीत दिसतात. परंतु द्रवरूप ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो, म्हणजे काही इलेक्ट्रॉन एकटे असले पाहिजेत. कक्षकांच्या सिद्धान्तातून असे दोन एकटे इलेक्ट्रॉन सहज निघतात. दोन्ही सिद्धान्त पुरेसे सुधारत नेले तर एकाच उत्तरापाशी पोहोचतात. मग खरा बंध कोणता? ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स कूल्सन यांनी 1950 च्या दशकात असा अभिप्राय दिला की रासायनिक बंध ही वस्तू नाही, ती आपल्या बुद्धीची उपयुक्त निर्मिती आहे. 2009 साली सूक्ष्म सुईच्या साह्याने पेंटासीनच्या रेणूचे जे चित्र मिळाले त्यात पाच वलयांचा सांगाडा स्पष्ट दिसतो. तथापि तेथे मोजला गेला तो सुई व रेणू यांमधील बल होय. कागदावर आपण काढतो ती रेघ निसर्गात कोठेही नाही.

येथे बौद्ध वाचकाला द्रव्यसत् व प्रज्ञप्तिसत् हा भेद आठवल्याशिवाय राहणार नाही. आठवावा, तो भेद येथे उजेड पाडतो. परंतु आठवण होणे वेगळे आणि ‘हेच आधी सांगितले होते’ असे म्हणणे वेगळे.

ठरावाने सत्य ठरत नाही

1951 सालच्या जूनमध्ये मॉस्को येथे भरलेल्या परिषदेत पाउलिंग यांच्या अनुस्पंदन-सिद्धान्ताचा ‘भाववादी’ म्हणून निषेध करण्यात आला. ज्या सूत्रांना प्रत्यक्षात स्वतंत्र अस्तित्व नाही अशा अनेक सूत्रांचे मिश्रण म्हणून रेणूचे वर्णन करणे हे भौतिकवादाविरुद्ध आहे, असा आक्षेप होता. सिर्किन व द्यात्किना या सोव्हिएत रसायनज्ञांच्या ग्रंथावर टीकेची झोड उठली. त्यांच्यासमोर एकोणिसाव्या शतकातील रशियन रसायनज्ञ बुतलेरोव्ह यांचे नाव स्वदेशी प्रमाण म्हणून ठेवण्यात आले. आक्षेप तत्त्वतः निरर्थक नव्हता. ही सूत्रे बुद्धीची साधने आहेत हे पाउलिंग स्वतःच मान्य करीत. अनर्थ घडला तो आक्षेपामुळे नव्हे, तर तो ठरावाने निकालात काढल्यामुळे. गंमत अशी की पुढच्याच वर्षी, 1952 साली, साम्यवादी असल्याच्या संशयावरून अमेरिकी शासनाने पाउलिंग यांना परदेशप्रवासासाठी पारपत्र नाकारले. एका सत्तेला त्यांचा सिद्धान्त नको होता, दुसरीला त्यांचे राजकारण. रेणूंनी दोन्हीकडे लक्ष दिले नाही.

आणि स्वतः पाउलिंग? 1953 साली त्यांनी डीएनएची तीन पदरांची रचना मांडली. ती चुकीची निघाली. 1982 साली श्चेख्टमन यांना आढळलेले अर्धस्फटिक त्यांनी 1994 साली मृत्यू येईपर्यंत मान्य केले नाहीत; श्चेख्टमन यांना 2011 साली नोबेल पारितोषिक मिळाले. बर्झेलियस, कोल्बे, पाउलिंग, तिघेही थोर. या इतिहासाने तिघांच्याही शब्दाला प्रमाण मानले नाही, आणि तिघांच्याही टिकलेल्या कामाचा अव्हेर केला नाही.

आमचा आक्षेप

आता मूळ दाव्याकडे वळू. रासायनिक बंधाविषयी आज जे ज्ञान आहे ते तराजू, स्फटिक, गणित, पदार्थांची मोजदाद आणि असंख्य चुकांची दुरुस्ती यांतून आले आहे. हे ज्ञान बुद्धांनी आधीच सांगितले म्हणणे म्हणजे या साऱ्या श्रमांना अनावश्यक ठरवणे होय. शिवाय हा दावा नेहमी शोध लागल्यानंतरच केला जातो. आपोधातूवरून झेनॉनचे संयुग बनेल असे कोणी 1962 पूर्वी सांगितले नव्हते. पाउलिंग यांनी मात्र 1933 सालीच तशी संयुगे संभवतात असे म्हटले होते, आणि 1962 साली बार्टलेट यांनी अक्रिय मानलेल्या झेनॉनचे संयुग प्रयोगशाळेत बनवले.

दुसरा धोका धम्मालाच आहे. फ्रिट्जॉफ काप्रा यांच्या ‘द ताओ ऑफ फिजिक्स’ (1975) या लोकप्रिय ग्रंथाने पौर्वात्य विचाराचे नाते त्या वेळच्या ‘बूटस्ट्रॅप’ सिद्धान्ताशी जोडले. पुढे क्वार्क-सिद्धान्त मान्य झाला आणि बूटस्ट्रॅपचे ते स्थान राहिले नाही. धम्म ज्या सिद्धान्ताच्या खांद्यावर बसवावा तो सिद्धान्तच खाली बसला तर धम्माचे काय करायचे?

तिसरा धोका आमच्या चळवळीला आहे. वेदांत विमाने होती असे सांगणाऱ्यांना आपण पुरावा मागतो, आणि तो मागणे योग्यच आहे. प्राचीन म्हणून मिरवल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी 1974 साली तपासणी केली. तो विसाव्या शतकातील असल्याचे व त्यातील विमाने उडण्याजोगी नसल्याचे त्यांनी दाखवून दिले. आपणच आपोधातूत रासायनिक बंध शोधू लागलो तर हा पुरावा मागण्याचा अधिकार आपण कोणत्या तोंडाने सांगणार? ग्रंथप्रामाण्याचा ग्रंथ बदलला म्हणून ग्रंथप्रामाण्य नाहीसे होत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ (1957) या ग्रंथात पुनर्जन्माचा विचार करताना खुद्द बाबासाहेबांनीच चार भौतिक घटकांची व ऊर्जेच्या अविनाशित्वाची सांगड घातली नाही काय? घातली आहे. परंतु तिची दिशा पाहावी. ऊर्जेचा नियम बुद्धांनी शोधला, असे बाबासाहेब म्हणत नाहीत. बुद्धांचे मत विज्ञानाच्या कसोटीला उतरते काय, असा त्यांचा प्रश्न आहे. जे बुद्धिसंगत नाही ते बुद्धवचन म्हणून स्वीकारू नये, हा त्यांचा निकष त्याच ग्रंथात आहे. तेथे विज्ञान परीक्षक आहे आणि मत परीक्षार्थी. आज केल्या जाणाऱ्या दाव्यात ही जागा उलटी झाली आहे: धम्म आधीच उत्तीर्ण, आणि विज्ञान त्याच्या प्रमाणपत्रावर सही करणारा कारकून.

बुद्ध आणि रसायनशास्त्र यांचे नाते मग काहीच नाही काय? आहे. केसपुत्ताच्या कालामांना परंपरा, ऐकीव गोष्ट, ग्रंथ किंवा गुरूचा मान यांवर विसंबू नका असे जे सांगितले गेले, ते नीतीच्या संदर्भात होते. परंतु त्यातील शिस्त तीच आहे जिने अ‍ॅव्होगाड्रोंना अर्ध्या शतकानंतर न्याय दिला. पैलतीरी गेल्यावर तराफा डोक्यावर वाहू नये, ही मज्झिमनिकायातील शिकवण द्वैतवाद सोडून देणाऱ्या प्रत्येक रसायनज्ञाने नकळत आचरली. आणि बाणाने जखमी झालेल्या माणसाचा दृष्टान्त देऊन तथागतांनी आपल्या शिकवणीचा विषय कोणता हे स्पष्ट केले आहे. तो विषय दुःख व दुःखनिरोध हा आहे. त्याला रसायनशास्त्राच्या आधाराची गरज नाही, आणि रसायनशास्त्राला त्याच्या आशीर्वादाची नाही.

विहारांतून चालणाऱ्या अभ्यासवर्गांत धम्माबरोबर विज्ञानही शिकवले जावे, असा आमचा आग्रह आहे. तेथे मुलांना ‘हे आपल्या ग्रंथात होतेच’ असे सांगू नये. डाल्टन कोठे चुकले, ती चूक कशी सापडली आणि दोन क्लोरीनचा पदार्थ एकच का मिळतो, हे फळ्यावर काढून दाखवावे. ज्या मुलाला हे कळेल त्याला पुढे कोणताही पुरोहित, तो कोणत्याही वस्त्रातला असो, सहजासहजी फसवू शकणार नाही.